कॉलेजची शिदोरी

बारावीचा निकाल लागतो. पोर पास होते. घरात आनंद होतो. मग ती तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी कॉलेजात जाते. आई भाकरी-चटणी बांधून देते. बाप फीची तजवीज करतो. एवढे झाले म्हणजे आपले काम संपले, असे आपल्याला वाटते.

पण तसे नाही, मंडळी. कॉलेजात टिकायला आणखी एक शिदोरी लागते. ती म्हणजे चांगल्या सवयींची. ती बाजारात मिळत नाही. घरातच बांधावी लागते.

पुष्कळदा असे होते. पहिल्याच परीक्षेत एकदोन विषय राहतात. पोर खालमानेने घरी येते. शेजारीपाजारी म्हणतात, "तिला डोकंच नाही. कशाला पैसा घालवता?" मग मुलीचे लग्न ठरते. मुलगा असला तर मजुरीला लागतो. एका परीक्षेपायी सारे शिक्षण बुडते.

खरी गोष्ट निराळी असते. शाळेत गुरुजी रोज वही तपासतात. चुकले तर कान धरतात. कॉलेजात एका वर्गात पुष्कळ मुले असतात. प्राध्यापक तास घेतात नि जातात. अभ्यास केला की नाही, हे रोज कोणी विचारत नाही. पुस्तके जाड असतात. त्यांत इंग्रजी शब्द असतात. ज्या घरातले कोणी आधी कॉलेजात गेले नाही, त्या घरच्या पोरांना तिथली रीत कोण सांगणार? म्हणजे उणीव डोक्याची नसते. रीत ठाऊक नसते. आणि रीत शिकता येते.

हे कर्मवीर भाऊराव पाटलांनी करून दाखवले. ते स्वतः कॉलेजात शिकलेले नव्हते. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे सातारला वसतिगृह चालवले. तिथे सर्व जातींची गरीब मुले एकत्र राहात. एकत्र जेवत. शेतात काम करत, स्वयंपाक करत आणि अभ्यासही करत. मुलांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. १९४७ साली सातारला छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. 'कमवा आणि शिका' ही तिथली रीत. हात राबले म्हणून मुलांचे शिक्षण अडले नाही. उलट मुले शिकून मोठी झाली. आजही पुणे विद्यापीठात कर्मवीरांच्या नावाने 'कमवा व शिका' योजना आहे. मुले काम करतात. त्याचा मोबदला मिळतो. त्यातून शिक्षणाचा खर्च भागवायला मदत होते.

आता सवयी कोणत्या, ते पाहू.

पहिली सवय विचारण्याची. आपली पोरे भिडस्त असतात. लोक हसतील म्हणून गप्प बसतात. तास संपल्यावर प्राध्यापकांकडे जावे. "सर, हे मला समजलं नाही," असे सरळ म्हणावे. शिष्यवृत्ती कोणती, दाखले कोणते, अर्जाची शेवटची तारीख कोणती, हे कॉलेजच्या ऑफिसात विचारावे. न विचारल्यामुळे हक्काचे पैसे जातात.

दुसरी सवय पुस्तक मिटून आठवण्याची. नुसते दहादा वाचून भागत नाही. एक पान वाचावे. पुस्तक मिटावे. काय वाचले, ते न बघता लिहावे. जे आठवले नाही, ते पुन्हा वाचावे. दुसऱ्या दिवशी, मग आठ दिवसांनी पुन्हा आठवावे. आपण पिकाला पाळीपाळीने पाणी देतो. महिन्याचे पाणी एका रात्रीत सोडत नाही. अभ्यासाचेही तसेच आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून काय उपयोग?

तिसरी सवय हिशेबाची. पैशाचा हिशेब वहीत लिहावा, तसा वेळेचाही. रोजचे दोन तास अभ्यासाचे ठरवावे. त्या वेळी मोबाईल दूर ठेवावा.

चौथी सवय पुन्हा उभे राहण्याची. एक हंगाम बुडाला म्हणून आपण शेती सोडतो का? बी चुकले की पाणी कमी पडले, ते बघतो आणि पुन्हा पेरतो. विषय राहिला तर तो पुन्हा देता येतो. कुठे चुकले, ते मात्र शोधले पाहिजे.

याच सवयी पुढे नोकरीत नि धंद्यात कामी येतात. वेळेवर येणारा, दिलेला शब्द पाळणारा, अडले तर विचारणारा आणि नवे काम शिकणारा माणूस सर्वांना हवा असतो.

तुम्ही म्हणाल, "आम्ही आत्ता कुठं वाचायला लागलो. आम्ही पोरांना काय शिकवणार?" अहो, तुम्हीच तर शिकवू शकता! दिवसभर राबून तुम्ही रात्री वर्गाला आलात. अक्षर चुकले. लोक हसले. तुम्ही पाटी पुसली नि पुन्हा गिरवले. आज हा धडा वाचत आहात. हीच गोष्ट मुलांना सांगा.

पोरीचा फोन आला की "मार्क किती पडले?" एवढेच विचारू नका. "बाळ, आज काय शिकलीस? काय अडलं? कोणाला विचारलंस का?" असे विचारा. एखादा विषय राहिला तर रागावू नका. लग्नाची घाई करू नका. तिला आणखी एक हंगाम द्या.

प्रश्न
१. पहिल्या परीक्षेत विषय राहिला तर काय करावे?
२. कर्मवीरांच्या वसतिगृहातील मुले कोणकोणती कामे करत?
३. या धड्यातले एक पान वाचा. पुस्तक मिटा. काय आठवते ते पाच ओळींत लिहा.