गिऱ्हाईकच उरलं नाही तर

आजचं वाचन : प्रकटीकरण 18:11-13

मोठी बाबेल पडते तेव्हा व्यापारी रडतात. शहर जळतंय याचं त्यांना दुःख नाही, आता आपला माल कोणी घेणार नाही याचं आहे. हा भाग मी अनेकदा वाचलाय, पण मालाची यादी आली की भरभर पुढे जायचो. आज सकाळी सावकाश वाचली. सोनं, मोती, तलम कापड, दालचिनी, तेल, गहू, मग मेंढरं, घोडे, रथ. आणि अगदी शेवटी माणसं. घोड्यांच्या आणि रथांच्या रांगेतच.

योहानाच्या काळी रोमी साम्राज्यात गुलामांचा बाजार उघड भरायचा. आज माणूस विकणं गुन्हा आहे, तरी तो विकला जातोच. चर्चमध्ये आपण सुटका झालेल्या मुलींसाठी प्रार्थना करतो, दलाल पकडले जावेत म्हणून करतो. करायलाच हवी. पण या वचनात बघा, व्यापारी जिवंत आहेत, जहाजं आहेत. बाजार बसला तो घेणारा नाही म्हणून. ऑफिसात सर्व्हरवर लोड आला की आम्ही आधी बघतो, रिक्वेस्ट येतेय कुठून? इथे हा प्रश्न फार कमी लोक विचारतात.

स्वीडनने तो विचारला. तिथे 1999 पासून शरीर विकणारीला शिक्षा नाही, विकत घेणाऱ्याला आहे. नंतर नॉर्वे, फ्रान्सनेही तसे कायदे केले. 2010 च्या सरकारी चौकशीत स्वीडनमधली रस्त्यावरची देहविक्री निम्म्यावर आल्याचं नोंदलं गेलं. यावर वाद आहे. धंदा आडोशाला गेला आणि आमचा धोका वाढला, असं त्या व्यवसायातल्या अनेक स्त्रिया सांगतात, आणि त्यांचं म्हणणं मी घरात बसून खोडू शकत नाही.

आपल्याकडे 1956 च्या कायद्याचा रोख कुंटणखाना चालवणाऱ्यांवर आणि दलालांवर. रस्त्यावर उभ्या राहिलेल्या बाईलाही कलम 8 लागतं, गिऱ्हाईक बहुतेक वेळा सुटतं. 2013 मध्ये दंड संहितेत 370अ आलं (आता न्याय संहितेचं कलम 144). तस्करी करून आणलेल्या व्यक्तीला लैंगिक शोषणासाठी वापरणाऱ्यालाही त्यात तुरुंग आहे. त्याला ते माहीत असेल तर, किंवा तसं मानायला कारण असेल तर.

‘मानायला कारण असेल तर’ इथे मी अडकलो.

मागच्या वर्षी टीमच्या ट्रिपला आमच्यातले दोघं रात्री एका ‘मसाज’च्या ठिकाणी गेले. मी गेलो नाही, याचा मला अभिमानच होता. सकाळी एकाने ग्रुपवर लिहिलं, मुलगी अगदी लहान वाटत होती, भाषा पण कळत नव्हती तिला. खाली हसणारे इमोजी पडले. त्यात एक माझा होता. तिला कोणी, कुठून आणलं असेल, हे विचारायला आम्हा सगळ्यांकडेच कारण होतं. तो मेसेज अजून ग्रुपवर आहे, आज पुन्हा वर जाऊन पाहिला.

पुढच्या महिन्यात परत ट्रिप ठरतेय. त्या मित्राला आज संध्याकाळी फोन करणार आहे. काय बोलायचं ते अजून नीट जुळलेलं नाही, सुरुवात माझ्या इमोजीपासूनच करावी लागेल.

प्रार्थना : प्रभू, त्या मुलीचं नाव आम्ही कोणी विचारलं नाही. तुला ते ठाऊक आहे. ती आज जिथे असेल तिथे तिला सांभाळ, आणि संध्याकाळी मला फोन टाळू देऊ नकोस. आमेन.