लाळ-खुरकताची साथ आणि गोठ्याची राखण

लाळ-खुरकत डोळ्यांना दिसू लागतो तेव्हा तो गावात येऊन काही दिवस झालेले असतात. लागण झाल्यापासून तोंडात व खुरांच्या बेचक्यात फोड येईपर्यंत बहुधा २ ते १४ दिवस जातात. आणि फोड येण्यापूर्वीच लाळेतून, दुधातून व श्वासावाटे विषाणू बाहेर पडू लागतात. सबब शेजारच्या गावी रोगाची वार्ता कळताच बंदोबस्तास लागावे.

रोगी जनावर निराळे बांधले म्हणजे काम संपले, असे पुष्कळांना वाटते. परंतु दोन्ही ठिकाणी ये-जा करणारा माणूस एकच असतो! त्याच्या वहाणा, कपडे, धार काढणारे हात आणि हातातील बादली यांवरून रोग निरोगी जनावरापर्यंत पोहोचतो. यास्तव चारापाणी व धार आधी निरोगी जनावरांची करावी, रोग्यांची सर्वांत शेवटी. आणि नंतर साबणाने हातपाय धुऊन कपडे बदलावेत. शेजाऱ्याचा आजारी बैल पाहावयास जाण्याची रीत आपुलकीची खरी, पण साथीत ती आवरलेली बरी. सार्वजनिक हौदावर जनावरे नेणेही थांबवावे.

गोठ्यात फिनेल शिंपडून समाधान मानू नये. या विषाणूवर त्याचा भरवसा नाही. १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून त्याने जमीन, गव्हाण व भांडी धुवावीत. मात्र शेण व लाळ आधी खरडून काढावी, कारण घाणीच्या थराखाली औषध पोहोचत नाही.

रोगी गाईचे दूध वासरास पाजू नये. या रोगात वासराच्या हृदयास इजा होऊन ते अकस्मात दगावते. त्यास उकळून कोमट केलेले दूध द्यावे.

लस दर ६ महिन्यांनी टोचावी लागते. बीड, अहिल्यानगर या भागांतून बैलगाडीने ऊसतोडीस जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी ३ आठवडे ती टोचून घ्यावी. कारखान्याच्या तळावर गावोगावचे बैल एकत्र येतात. आणि भर गळितात बैल लंगडला की गाडी थांबते, उचल मात्र फिटावयाची राहतेच.

बाजार बंद पडेल या धास्तीने रोगाची बातमी दडविली जाते. वस्तुतः संशय येताच ग्रामपंचायतीस कळविणे हे २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांसंबंधीच्या कायद्यान्वये मालकाचे कर्तव्य होय. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने ही खबर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यास लेखी पोहोचवावी. बरे झालेले जनावरही कित्येक महिने घशात विषाणू बाळगू शकते. तेव्हा साथ ओसरल्यावर बाजारातून आणलेला बैल ३ आठवडे वेगळा बांधून मगच दावणीला घ्यावा.