जुन्या गाडीचे मिसिंग आणि ऑइलची गळती : आधी शोध, मग खर्च

छोट्या व्यापाऱ्याची गाडी बंद पडली की त्या दिवसाचा आठवडी बाजार बुडतो, ऑर्डरीचा माल वेळेवर पोहोचत नाही आणि वरून गॅरेजचे बिल येते. आपल्या कापड, रेडिमेड आणि किराणा लाईनमधील पुष्कळ बंधूंकडे आजही जुनी मारुती ओम्नी किंवा मारुती ८०० आहे. ओम्नी १९८४ मध्ये बाजारात आली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन बंद झाले. गाडी जुनी, पण काम रोजचे. अशा गाड्यांच्या दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात : इंजिन मिसिंग मारते आणि खाली ऑइल टपकते.

या दोन्ही तक्रारींत पैसा वाया जाण्याचे कारण एकच असते. दोष कोठे आहे हे नक्की होण्याआधीच पार्ट बदलले जातात. प्लग बदलले, फरक नाही. कॉइल बदलली, फरक नाही. मग कार्बोरेटर उघडला. ठाणात एक दोरा चुकलेला दिसला तर माल घेणारा सगळे बीम बदलायला सांगत नाही; कोणता दोरा चुकला ते आधी पाहतो. इंजिनचाही तपास असाच करावा. स्वस्त आणि सोपे आधी, महाग आणि अवघड नंतर. आणि एका वेळी एकच बदल.

मिसिंग कसे ओळखावे

ओम्नी आणि मारुती ८०० चे मूळ इंजिन तीन सिलिंडरचे, ७९६ सीसीचे आहे. त्यातील एक सिलिंडर बंद पडला की एक तृतीयांश ताकद गेली. गाडी उभी असताना थरथरते, घाटात दम सोडते आणि पेट्रोल जास्त पिते.

प्रथम आवाज ऐकावा. ठोका ठराविक अंतराने चुकत असेल तर बहुधा एकाच सिलिंडरचा दोष असतो. कधीही, कसाही चुकत असेल तर तिन्ही सिलिंडरना लागणाऱ्या वस्तूंवर संशय घ्यावा : कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटरची कॅप व रोटर, पेट्रोलमधील कचरा. फक्त पावसाळी हवेत चुकत असेल तर कॅप आणि प्लगच्या वायरी आधी पाहाव्यात. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून पाहिले तर फुटक्या वायरीतून निळी ठिणगी बाहेर उडताना दिसते.

सिलिंडर शोधण्याची जुनी रीत अशी. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढावी. त्या वायरीला जादा प्लग लावून तो इंजिनच्या धातूला पक्का टेकवावा, मग इंजिन चालू करावे. आवाज आणखी बिघडला तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर दोष त्याच सिलिंडरमध्ये आहे. चालू इंजिनची वायर हाताने ओढू नये, जबर शॉक बसतो. जवळपास पेट्रोलचा वास असेल तर ही तपासणी करूच नये. इंजेक्शनच्या, म्हणजे एम.पी.एफ.आय. गाडीतही ही रीत वापरू नये. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कन्व्हर्टर खराब करते. ती गाडी स्कॅनर असलेल्या कारागिराकडे न्यावी.

बंद सिलिंडर सापडला की त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावावा. दोष प्लगबरोबर शेजारी गेला तर प्लग खराब. गेला नाही तर वायरीची तशीच अदलाबदल करावी. यात एक पैसाही लागत नाही आणि निकाल पक्का मिळतो.

प्लग काय सांगतो

काढलेला प्लग पुसण्याआधी नीट पाहावा.

१) फिकट तपकिरी किंवा राखाडी : सिलिंडर ठीक आहे.
२) कोरडी काळी काजळी : पेट्रोल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर आणि चोक पाहावा.
३) ओला आणि पेट्रोलचा वास : ठिणगी मिळत नाही.
४) ओला, काळा, तेलकट : सिलिंडरमध्ये ऑइल येत आहे.
५) पांढरा, फोड आलेला : मिश्रण पातळ किंवा इंजिन फार तापते.

कार्बोरेटरच्या गाडीत प्लगची गॅप साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते. ती फीलर गेजने मोजावी, नजरेने ठरवू नये.

प्लग आणि वायर दोन्ही चांगले असून सिलिंडर बंदच असेल तर टॅपेटची गॅप आणि कॉम्प्रेशन तपासून घ्यावे. एल.पी.जी. किंवा सी.एन.जी.वर चालणाऱ्या जुन्या गाडीत व्हॉल्व्हची बैठक झिजते, टॅपेट घट्ट होतात, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि मिसिंग सुरू होते. वेळीच गॅप लावून घेतली तर व्हॉल्व्ह जळण्यापासून वाचतो. कॉम्प्रेशन कमी आले तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारचे दोन्ही सिलिंडर कमी दाखवत असतील तर हेड गॅस्केटचा संशय बळावतो. इंजिन खोलण्याची गोष्ट या परीक्षेनंतरच करावी.

गळतीचा उगम वर असतो

ऑइल खाली उतरते आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे पसरते. म्हणून जेथे थेंब पडतो तेथे दोष असेलच असे नाही. सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधावी.

गळते ते इंजिन ऑइलच आहे का, हे आधी ठरवावे. रात्री गाडीखाली कोऱ्या मांजरपाटाचा तुकडा किंवा पांढरा कागद पसरावा. सकाळी डाग पाहावा. तपकिरी-काळा डाग इंजिन ऑइलचा. दाट आणि उग्र वासाचा असेल तर गिअर ऑइल. हिरवट, चिकटसर पाणी म्हणजे रेडिएटरचे कूलंट. चाकाजवळ फिकट, पातळ डाग असेल तर ब्रेक ऑइलचा संशय घ्यावा आणि गाडी चालवू नये.

मग थंड इंजिन ब्रशने आणि डिग्रीझरने साफ करून पूर्ण वाळू द्यावे. संशयाच्या जागी शिंप्याच्या खडूची किंवा टाल्कम पावडरची भुकटी मारावी. इंजिन १५-२० मिनिटे चालवून बंद करावे आणि भुकटी प्रथम कोठे ओली झाली ते टॉर्चने पाहावे. हे काम मोकळ्या हवेत करावे. बंद शेडमध्ये इंजिनचा धूर जीवघेणा ठरतो. गाडी केवळ जॅकवर उचलून तिच्याखाली जाऊ नये.

तपासाचा क्रम वरून खाली असावा : टॅपेट कव्हरची गॅस्केट, डिस्ट्रिब्युटरची रबर रिंग, ऑइल प्रेशरचा स्विच, ऑइल फिल्टर, पुढचे सील, संपची गॅस्केट, ड्रेन प्लगचा वॉशर आणि शेवटी क्रँकचे मागचे सील. पुढच्या सीलचे ऑइल टायमिंग बेल्टवर जात असेल तर चालढकल करू नये, ऑइलने बेल्टचे रबर खराब होते.

नवी गॅस्केट घालण्याआधी ब्रीदरचा पाइप जरूर पाहावा. तो चोंदला तर इंजिनमधील दाब बाहेर पडत नाही आणि प्रत्येक सीलमधून ऑइल ढकलले जाते. सील नवे घातले तरी महिन्याभरात तीच तक्रार येते. ऑइल खुणेपेक्षा जास्त भरल्यानेही हाच प्रकार होतो. टॅपेट कव्हरचे बोल्ट जोर लावून आवळू नयेत, त्याने कव्हर वाकते. पेस्टही थापून लावू नये, तिचे तुकडे आत पडून ऑइलची जाळी चोंदवतात.

दोन तक्रारी, एक दोष

आमच्या बाजारातील एका बंधूंच्या ओम्नीला दोन्ही तक्रारी होत्या. गिअरबॉक्सच्या तोंडाशी ऑइल टपकत होते, म्हणून मागचे सील गेले असे सांगण्यात आले. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि मजुरी मोठी. मिसिंगसाठी कार्बोरेटरचे वेगळे बिल होणार होते. दुसऱ्या एका वयस्क कारागिराने इंजिन साफ करून भुकटी मारली. ऑइल वर डिस्ट्रिब्युटरपाशी निघत होते. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर हेडच्या गिअरबॉक्सकडील टोकाला असतो, त्यामुळे तेथले ऑइल मागून उतरून नेमके गिअरबॉक्सच्या तोंडाशी येते. कॅप उघडली तर आतही ऑइल होते आणि पॉइंट तेलकट होऊन जळाले होते. रबर रिंग, आतले सील आणि पॉइंट बदलले. गळती थांबली, मिसिंगही गेले. गिअरबॉक्सला हात लावावा लागला नाही.

आपल्या मालाची जोखीम

ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली आहे आणि त्याच्या लगेच मागे आपले गठ्ठे असतात. कव्हरमधून निघालेले ऑइल तापलेल्या मॅनिफोल्डवर पडले तर धूर आणि जळका वास येतो. कापडात हा वास बसला तर माल परत येतो. भडका उडाला तर जिवावर बेतते. म्हणून ‘थोडेसेच तर टपकते’ असे म्हणून गप्प बसू नये. पेट्रोलचा वास आला किंवा चालताना ऑइलचा लाल दिवा लागला तर गाडी तेथेच बंद करावी.

गॅरेजमध्ये काय विचारावे

आपण स्वतः पाना हातात घेतलाच पाहिजे असे नाही. पण चार प्रश्न विचारण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. कोणता सिलिंडर बंद आहे? ते कशावरून ठरवले? ऑइलची सर्वांत वरची ओली जागा कोणती? बदललेला जुना पार्ट परत मिळेल का? चांगला कारागीर या प्रश्नांनी नाराज होत नाही, उलट जागा दाखवतो. अशा कारागिराच्या मजुरीत घासाघीस करू नये, तपासालाही मेहनत लागते.

दुकानाच्या वहीसारखी गाडीचीही एक छोटी वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, किती ऑइल भरले आणि कोणता पार्ट बदलला एवढे लिहिले तरी पुरे. ऑइलची पातळी आठवड्यातून एकदा, सपाट जागी, इंजिन थंड असताना पाहावी. ऑइल किती किलोमीटरमागे कमी होते हे वहीत दिसू लागले की दोष वाढतो आहे की नाही ते कळते. गाडी विकायची वेळ आली तर तीच वही घेणाऱ्यापुढे ठेवावी. मालाचा दोष सांगून केलेला सौदा पुढे भांडणाला जागा ठेवत नाही.