‘काकू, तुमची पद्धत स्लो आहे’

बंगळूरमध्ये कोरमंगलाच्या सहाव्या ब्लॉकमध्ये मी घरीच नववी-दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. आमच्याच सोसायटीतल्या एका मराठी घरातली मुलगी दिवाळीनंतर यायची बंद झाली. "काकू, तुमची पद्धत जरा स्लो आहे हो," तिच्या आईने सांगितलं, तेही लिफ्टमध्ये. तिला ऑनलाइन क्लास लावला, वर्षाची फी हप्त्यांवर. एवढ्यावर थांबल्या असत्या तर मी हे लिहिलं नसतं. पण ‘काकूंकडे पोर्शन मागे पडतो’ हे त्यांनी आणखी दोघा पालकांच्या कानावर घातलं आणि तीही मुलं गेली.

प्रीबोर्डच्या तोंडावर तीच मुलगी वही घेऊन दारात उभी. गणित साधं होतं. वर्ग 0-10 पासून 40-50 पर्यंत, वारंवारता 4, 8, 10, 12, 6. मीडियन काढायचा. एकूण 40, निम्मे 20, म्हणून वर्ग 20-30. इथवर बरोबर. खाली उत्तर होतं 18.

"अगं, 20 ते 30 मधला मीडियन 18 कसा येईल?"

ती नुसती बघत राहिली. सूत्र तोंडपाठ होतं. पण त्यात आधीच्या वर्गाची संचित वारंवारता, म्हणजे 12, घालायची. तिने त्याच वर्गाची 22 घातली होती. खरं उत्तर 28. तिची वही त्या क्लासमध्ये कुणी उघडूनच बघितली नव्हती. ज्याला तिची आई ‘स्लो’ म्हणाली, ते माझं काम हेच होतं.

म्हणून पालकांनो, फी भरण्याआधी एकच विचारा: वही कोण तपासणार? उत्तर गोलमोल आलं तर उठा. सीबीएसई दहावीच्या गणिताच्या 80 गुणांत बीजगणिताला 20, संख्याशास्त्र आणि संभाव्यतेला 11. या दोन्हींत पायऱ्यांना गुण असतात. नुसतं उत्तर लिहिलं आणि ते चुकलं, तर हाती काही लागत नाही.

मुलांनो, शाब्दिक गणिताचा ताळा प्रश्नातल्या वाक्याशी जुळवा, स्वतः मांडलेल्या समीकरणाशी नव्हे. मांडणीच चुकली असेल तर तो ताळाही खोटाच जुळतो. वर्गसमीकरणातून वय उणे आलं तर ते का सोडलं, हे एका ओळीत लिहा. कंसाबाहेर वजा असेल तर आतलं प्रत्येक चिन्ह बदलतं. आणि रोज सराव करा, त्याला पर्याय नाही.

शिकवणी घेणाऱ्यांनो, फी महिन्याच्या सुरुवातीलाच घ्या. माझी शेवटच्या महिन्याची अजून येणे आहे. मुलाची चूक तारीख घालून वहीतच नोंदवा, म्हणजे कुणी बोट दाखवलं तर वही पुढे करता येते.

त्या मुलीला मी परीक्षेपर्यंत शिकवलं. तिचा काय दोष? पण त्या दोघा पालकांना ‘माझं चुकलं’ असं तिच्या आईने आजवर सांगितलेलं नाही. शिक्षकाबद्दल तक्रार असेल तर त्याच्या घरी येऊन, समोर बसून, वही उघडून सांगा. सोसायटीभर सांगू नका.