मावशींना काय हवंय?

अगं, तुझी पटकथा वाचली. सोबतची ती लांबलचक चिठ्ठीही वाचली. मी या घरातली, या आडनावाची, मग धुणीभांडी करणाऱ्या मावशींवर डिप्लोमा फिल्म करायचा मला हक्क आहे का, असं तू विचारलंयस. ही भीती फेकून देऊ नकोस, कामाची आहे ती. पण तिच्यामुळे फिल्मच सोडून द्यायला निघालीस तर मी रागवेन हं.

खरं सांगू का, तुझी अडचण हक्काची नाहीच. पटकथेत मावशी भांडी घासतात, रडतात, उसने पैसे मागतात आणि शेवटी तुझ्या नायिकेला समजूतदार दोन शब्द सांगून निघून जातात. नायिकेला बघ किती काय काय हवंय. पुणं सोडायचंय, आईशी भांडण मिटवायचंय, त्या मुलाला विसरायचंय. मावशींना काय हवंय? ते कुठल्याच पानावर नाही. कळवळा आहे तुझ्या लिखाणात, तो खोटा नाही. पण नुसत्या कळवळ्यावर माणूस उभं राहत नाही गं.

नागराज मंजुळेंची ‘पिस्तुल्या’ पुन्हा बघ. तीही विद्यार्थ्याचीच फिल्म. अहमदनगरला कम्युनिकेशन स्टडीज शिकताना त्यांनी केलेली, पंधरा मिनिटांच्या आसपासची. तिला पदार्पणातल्या दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातल्या पोराला शाळेत जायचंय, बस, इतकीच गोष्ट. ज्या जमातींना इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्यांच्या कपाळावरचा तो शिक्का 1952 साली कायदा रद्द झाल्यावरही पुसला गेला नाही. अशा जमातीतल्या पोराकडे बघणाऱ्याच्या मनात ‘चोर’ हा शब्द आधीच तयार असतो. त्या पोराला शाळा हवी आहे म्हटल्यावर बघणाऱ्याची पंचाईत होते, कारण ते तर आपल्यालाही हवं होतं.

त्यांच्याच ‘फँड्री’तल्या जब्याचंही तेच. त्याला शालू हवी आहे, जीन्सची पँट हवी आहे, आणि म्हणून ती काळी चिमणी हवी आहे. डुकरं पकडायच्या प्रसंगात आपला जीव इतका का तुटतो? आपण आधी तासभर त्याच्याबरोबर शालूची स्वप्नं बघितलेली असतात म्हणून. थेट डुकरांपासून सुरुवात केली असती तर आपण हळहळलो असतो आणि घरी जाऊन जेवलो असतो.

आता तू म्हणशील, ताई, मंजुळे त्या जगण्यातून आलेत, मी नाही आले. बरोबर. ते अंतर तुला मिटवता येणार नाही, आणि मिटल्याचा आवही आणू नकोस. पण पायल कपाडिया बघ. एफटीआयआयमध्ये शिकताना तिने ‘आफ्टरनून क्लाउड्स’ केली, 2017 मध्ये ती कानला विद्यार्थ्यांच्या विभागात दाखवली गेली. साठीची एक विधवा काकी आणि तिच्या घरी काम करणारी नेपाळी मुलगी मालती, एक दुपार, एक घर. अगदी तुझ्याच मांडणीसारखं, हो ना? पण मालतीला तिच्या गावाकडचा, जहाजावर काम करणारा एक मुलगा भेटतो. म्हणजे काकीच्या घरापलीकडे तिचं स्वतःचं काहीतरी आहे. तेरा मिनिटांच्या फिल्ममध्येही त्याला जागा झाली. पुढे 2024 मध्ये कानचा ग्राँ प्री मिळालेल्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’मध्येही छाया कदमची पार्वती बघ. रुग्णालयात स्वयंपाक करणारी, रत्नागिरीकडची बाई. घराचे कागद नाहीत म्हणून बिल्डर तिला बाहेर काढतोय आणि ती चिडते, हसते, शेवटी आपला निर्णय आपण घेते. कपाडियाची मातृभाषा मराठी नाही. म्हणून काही तिने पार्वतीला तोंड बंद ठेवायला लावलं नाही.

तेव्हा तू काय कर, मावशींना एक इच्छा दे. मोठी नको. मुलीच्या लग्नाचं कर्ज नको, ते प्रत्येक पटकथेत असतं. त्यांना स्कूटी शिकायची असेल. भिशीचे पैसे या खेपेला स्वतःवर खर्चायचे असतील. किंवा तुझ्या नायिकेचं काम सोडून पलीकडच्या सोसायटीत जायचं असेल, कारण तिथे रविवारची सुट्टी मिळते. हे शेवटचं मला फार आवडतं, कारण त्यात तुझी नायिका अडचणीत येते. आणि त्यांना नाव दे. आडनावही ठरव. महाराष्ट्रात आडनाव आलं की काय काय आलं हे तुला सांगायला नको, म्हणून ते सहज सुचलं तसं टाकू नकोस, विचार करून ठेव.

आता जरा कान धरते तुझा. तुझ्या चिठ्ठीत ‘वेगळे समाजगट’ म्हणजे मावशी, रिक्षावाला आणि तो मुस्लिम मित्र, एवढेच. नायिकेचं घर कुठल्या गटातलं? त्या देवघराला, त्या पुस्तकांच्या कपाटाला, ओट्यावर वेगळ्या ठेवलेल्या कपाला जात नाही का, वर्ग नाही का? तो वेगळा कप तू पान तीनवर लिहिलास आणि विसरून गेलीस. तोच तर तुझ्या फिल्मचा सगळ्यात खरा तपशील आहे, त्याच्याकडे परत जा. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’मध्ये कॅमेरा वकिलांच्याही मागे घरी जातो. बचावाचा वकील सुपरमार्केटमधून खरेदी करतो, सरकारी वकील बाई लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात, कुटुंबासोबत परप्रांतीयांवर चिडणारं नाटक बघतात. आरोपी लोकशाहीर एकटाच ‘समाजाचा प्रतिनिधी’ राहत नाही, खटल्यातला प्रत्येक जण कुठून आलाय ते दिसतं. तेवढं धाडस आपल्या घराबद्दल कर.

त्या मुस्लिम मित्राला मात्र बिर्याणीचा डबा घेऊन आत आणू नकोस. त्याला वायवाची काळजी असू दे, तो तुझ्यासारखाच विद्यार्थी आहे.

भाषेचं घाबरू नकोस. खोलीत बसून ‘ण’चा ‘न’ करत गावाकडची बोली लिहायची नाही, एवढंच. त्याने प्रेक्षक हसतात आणि ते हसू मावशींवर असतं. सोलापूरकडची बोली वेगळी, खानदेशातली वेगळी, कोकणातली तर आणखी वेगळी. भूमिका करणारी बाई जिथली असेल तिथलं मावशींचं गाव ठेव. प्रसंग समजावून सांग आणि तिला तिच्या तोंडाने बोलू दे. सिंक साउंड आहेच तुझ्याकडे. ती म्हणाली की “आम्ही असं नाही बोलत,” तर ओळ बदल, वाद घालू नकोस.

वस्तीत शूट करणार असशील तर कॅमेरा न घेता आधी जाऊन ये. कशाची फिल्म आहे ते खरं खरं सांग, कुणाचा चेहरा दिसणार ते विचार, लहान मुलांच्या बाबतीत आईबापांना विचार. नाही म्हणाले तर नाही. आणि रडण्याचा तो क्लोजअप काढून टाक, माझं ऐक. ज्युरीला आवडेल म्हणून ठेवलायस, मला कळतं ते.

वेळ कमी आहे, पैसे त्याहून कमी आहेत, गाईड मागे लागलेत, सगळं मान्य. पण अख्खी पटकथा नव्याने लिहायची नाहीये गं. मावशींचा पहिला प्रसंग, तो कपाचा प्रसंग आणि शेवट, एवढंच बदल. जमेल तुला, तुझा कान चांगला आहे, संवादांवरून कळतं. बजेटमध्ये त्या बाईंचं मानधन सगळ्यात वरच्या ओळीत लिही, शूटमुळे त्यांच्या घरकामाचे जितके दिवस बुडतील तितक्यांचा पगार त्यात धर, आणि पैसे पॅकअपच्या दिवशीच त्यांच्या हातात दे.