शिडाच्या होडीवरील दिशादर्शक यंत्रांची निवड : एक अभ्यास

आपले शहर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर वसलेले आहे. पाण्याचा मोठा विस्तार पाहावयाचा तर आपण पैठणला नाथसागरावर जातो. तेव्हा शिडाच्या होडीसाठी कोणती यंत्रे निवडावीत, या विषयाचे आपल्या वार्षिकांकात काय प्रयोजन, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पूर्ण-अवदानाच्या कथाचित्रात तीन डोलकाठ्यांचे एक गलबत रंगविलेले आहे, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्याच चित्राच्या आधारे गोव्यातील होडी इनोव्हेशन्स या संस्थेने लाकडी फळ्या काथ्याने शिवून एक जहाज बांधले. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते 'कौंडिण्य' या नावाने भारतीय नौदलात दाखल झाले आणि डिसेंबर २०२५ च्या अखेरीस पोरबंदरहून मस्कतला निघाले. म्हणजे समुद्राशी आपल्या जिल्ह्याचे नाते अगदीच तुटलेले नाही.

या जहाजाचे बांधकाम करणारे श्री. रत्नाकर दांडेकर यांनीच पूर्वी दिवाडी बेटावरील आपल्या कारखान्यात 'म्हादेई' ही छप्पन्न फुटी शिडाची नौका बांधली होती. तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे हे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटेच निघाले आणि चार बंदरे घेत मे २०१० मध्ये परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत. पुढे कमांडर अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली. अशा प्रवासात दिशा, स्थान आणि खोली सांगणारी यंत्रे असतात. ती कशी निवडावीत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरणासाठी आपण दहा मीटर लांबीची एक होडी घेऊ. तिच्यात दोन माणसे असून त्यांना मुंबईहून गोव्याला, म्हणजे सुमारे २३० सागरी मैल जावयाचे आहे. ताशी पाच सागरी मैलांच्या गतीने हा प्रवास साधारण ४६ तासांचा, अर्थात दोन रात्रींचा होईल.

यंत्र हे एक साधन मानावे

इतिहासाच्या विद्यार्थ्याला बखर हाती आली की तो प्रथम विचारतो : ही कोणी लिहिली, केव्हा लिहिली आणि लिहिणाऱ्याने स्वतः काय पाहिले होते? होडीवरील यंत्रांनाही हीच साधनचिकित्सा लावावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. प्रत्येक यंत्राविषयी तीन प्रश्न विचारावेत. पहिला, हे यंत्र स्वतः काय मोजते? दुसरा, दुसऱ्याचे कोणते ज्ञान ते उसने घेते? तिसरा, ते बंद पडल्यास हाती काय उरते? दुकानात पडद्याचा आकार आणि रंगांची चमक आधी डोळ्यांत भरते. पण या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज खरेदी करू नये.

स्थान आणि नकाशा

चार्टप्लॉटर म्हणजे ज्याच्या पडद्यावर सागरी नकाशा दिसतो आणि त्या नकाशावर आपली होडी एका खुणेने दाखविली जाते, असे यंत्र. येथे दोन भिन्न गोष्टी एकत्र आलेल्या असतात. होडीचे स्थान यंत्र स्वतः मोजते. नकाशा मात्र उसना असतो.

स्थान मोजण्याची रीत अशी. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळेचा संदेश पाठवितात. संदेश पोचण्यास लागलेल्या वेळावरून उपग्रहाचे अंतर निघते आणि किमान चार उपग्रहांच्या अंतरांवरून स्थान निश्चित होते. रेडिओलहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातात. म्हणून घड्याळात एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरांची चूक होते. मे २००० पर्यंत अमेरिकेने नागरी वापरासाठी हा संदेश हेतुतः सदोष ठेवला होता व त्यामुळे सुमारे शंभर मीटरांपर्यंत फरक पडे. तो निर्बंध उठल्यावर साधे यंत्रही दहा मीटरांच्या आत स्थान सांगू लागले. भारताने २०१३ पासून आपली 'नाविक' ही उपग्रहमालिका उभारण्यास प्रारंभ केला. तिच्या पहिल्या पिढीतील काही उपग्रहांची अणुघड्याळे बंद पडली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. घेतलेले यंत्र एकाहून अधिक उपग्रहमालिकांचे संदेश घेणारे असावे, हा बोध त्यातून मिळतो.

आता नकाशाकडे वळू. पडद्यावरचा नकाशा दोन प्रकारचा असतो. एक, कागदी नकाशाचे जसेच्या तसे चित्र. दुसरा, ज्यात खोली, दीपस्तंभ, खडक इत्यादी माहिती वेगवेगळ्या थरांत साठविलेली असते. दुसऱ्या प्रकारात आपण दृश्य दूर नेले की पडद्यावर गर्दी होऊ नये म्हणून यंत्र काही तपशील लपविते. ही सोय कशी घातक ठरते ते २९ नोव्हेंबर २०१४ च्या रात्री दिसले. व्होल्व्हो ओशन रेस या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत केपटाऊनहून अबू धाबीकडे जाणारी 'टीम व्हेस्टास विंड' ही नौका हिंदी महासागरात, मॉरिशसच्या ईशान्येस असलेल्या कारगादोस काराजोस या प्रवाळखडकांवर भरवेगात आदळली. नौकेवर अनुभवी खलाशी होते आणि त्यांची यंत्रेही उत्तम होती. नौकेचे स्थानही यंत्र अचूक सांगत होते. परंतु दूरच्या दृश्यात खडकांची चिन्हे लुप्त होऊन तेथे केवळ उथळ समुद्र असल्याचा भास होत होता. पन्नासएक किलोमीटर पसरलेला खडकांचा पट्टा अशा रीतीने नजरेतून सुटला. सुदैवाने नऊही जण बचावले. यावरून एक नियम करावा : निघण्यापूर्वी संपूर्ण मार्ग जवळच्या दृश्यात, इंच न इंच सरकवीत तपासावा. ज्या यंत्रात हे काम सहज व वेगाने होते, ते यंत्र निवडीत वरचे मानावे.

नकाशाविषयी आणखी दोन गोष्टी. जुने भारतीय नकाशे एव्हरेस्ट यांच्या पृथ्वीगोलाच्या मापावर आधारलेले होते, तर जीपीएस वेगळे माप वापरते. जुन्या नकाशावर जीपीएसचे अक्षांश-रेखांश तसेच मांडले तर होडीच्या लांबीच्या कित्येक पट फरक पडू शकतो. म्हणून नकाशा कोणत्या मापावर आहे आणि त्याचे सर्वेक्षण केव्हाचे आहे, हे पाहावे. देहरादून येथील राष्ट्रीय जलालेखन कार्यालय भारताचे अधिकृत सागरी नकाशे तयार करते. खासगी कंपनीचा नकाशा घेतला तरी अधिकृत नकाशाशी तो ताडून पाहणे इष्ट.

दुसरी गोष्ट कोकणच्या खाड्यांची. खाडीच्या मुखाशी वाळूचे दांडे असतात आणि पावसाळ्यात ते जागा बदलतात. गेल्या वर्षी खोल असलेली वाट यंदा उथळ झालेली असू शकते. ती वाट कोणत्याही नकाशाला ठाऊक नसते, पण तेथे रोज जाणाऱ्या तांडेलाला ठाऊक असते. मालवणजवळ सिंधुदुर्गाच्या परिसरात पाण्याखाली खडक आहेत. तेथेही स्थानिक मच्छिमाराला विचारूनच आत शिरणे शहाणपणाचे.

खोली, शेजारी आणि संवाद

खोलीमापक हे यंत्र दिसण्यात साधे, पण साक्षीदार म्हणून फार मोलाचे आहे. ते होडीच्या तळातून ध्वनी सोडते व प्रतिध्वनी परत येण्यास लागणारा वेळ मोजते. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असतो. पंधरा मीटर खोली असेल तर ध्वनीचा एकूण प्रवास तीस मीटरांचा होतो आणि त्याला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. पूर्वी शिशाचा गोळा बांधलेली दोरी सोडून जे काम करीत, तेच हे यंत्र अखंड करते. उपग्रह किंवा नकाशा यांवर ते अवलंबून नाही. म्हणूनच चार्टप्लॉटरची उलटतपासणी त्याच्याकडून घेता येते. विजयदुर्गच्या पश्चिमेस शंभरएक किलोमीटरवर कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा 'आंग्रिया बँक' हा पाण्याखालील पठारी भाग आहे. त्याची कमीत कमी खोली वीस मीटरांच्या आसपास आहे. प्लॉटर म्हणतो की आपण त्या पठारावर आहोत, पण खोलीमापकाचा आकडा कमी होत नाही, असे घडले तर दोघांपैकी कोणी तरी चुकत आहे, हे ओळखावे. मात्र नकाशावरील खोली नीचतम ओहोटीच्या पाण्यापासून मोजलेली असते आणि मुंबईत मोठ्या भरतीला पाणी चार मीटरांहून अधिक चढते, याचा हिशेब ठेवला पाहिजे. यंत्राचा आकडा पाण्याच्या पृष्ठभागापासूनचा आहे की होडीच्या तळापासूनचा, तेही बसविताना ठरवून घ्यावे.

मोठी जहाजे आपले नाव, स्थान, दिशा व वेग रेडिओवरून प्रसारित करतात. या व्यवस्थेस एआयएस म्हणतात. आपल्या डोलकाठीच्या टोकाशी, सोळा मीटर उंचीवर ॲन्टेना असेल आणि समोरच्या जहाजाचा पंचवीस मीटरांवर असेल, तर साधारण वीस सागरी मैलांवरून ते कळते. जहाज ताशी वीस मैलांनी आणि आपण पाच मैलांनी समोरासमोर येत असू, तर हातात सुमारे ४८ मिनिटे मिळतात. रात्री झोपेत असलेल्या सोबत्याला उठविण्यास ती पुरेत. परंतु लहान लाकडी होड्यांवर बहुधा ही व्यवस्था नसते आणि मासेमारीची जाळी तर कोणताच संदेश पाठवीत नाहीत. रडार उसने ज्ञान वापरत नाही, समोर जे आहे ते पाहते. पण लाकडाचा प्रतिध्वनी क्षीण असतो आणि पावसाच्या सरी पडद्यावर गर्दी करतात. तात्पर्य, डोळ्यांनी पहारा देणे चुकत नाही. व्हीएचएफ रेडिओ सोबत अवश्य असावा व त्याचा सोळावा चॅनेल ऐकत राहावा. आपल्या देशात अशा रेडिओसाठी परवाना लागतो आणि विनापरवाना उपग्रह-दूरध्वनी बाळगणे गुन्हा ठरू शकते, हे खरेदीपूर्वीच ध्यानी घ्यावे.

विजेचा हिशेब

शिडाची होडी वाऱ्यावर चालते, यंत्रे मात्र बॅटरीवर. उदाहरणादाखल असे धरू : चार्टप्लॉटर दीड ॲम्पियर, एआयएस व रेडिओ मिळून एक, इतर मापके अर्धा आणि सुकाणू आपोआप धरणारे यंत्र सरासरी साडेतीन. एकूण साडेसहा ॲम्पियर झाले. चोवीस तासांत १५६ ॲम्पियर-तास. शिसे-आम्लाची २०० ॲम्पियर-तासांची बॅटरी टिकवायची तर तिच्यातील निम्मीच वीज वापरावी लागते. म्हणजे सुमारे पंधरा तासांत ती संपते आणि आपला प्रवास तर ४६ तासांचा आहे! तेव्हा सौरपट्ट्या, इंजिनावरील विद्युतजनित्र किंवा विजेशिवाय वाऱ्याच्या दिशेवर सुकाणू धरणारी साधी यांत्रिक रचना, यांचा विचार यंत्रांच्या आधी झाला पाहिजे. मोठा व अधिक उजळ पडदा अधिक वीज खातो, हेही विसरू नये. निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलू शकावीत म्हणून एनएमईए २००० ही समान भाषा ठरलेली आहे. ती नसलेले यंत्र स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

सारे बंद पडल्यावर

जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रातील अनेक जहाजांची यंत्रे, ती जहाजे पाण्यात असतानाही, आपण जमिनीवरील एका विमानतळावर आहोत असे दाखवू लागली होती. खोट्या संदेशांनी जीपीएसची फसवणूक होऊ शकते, याचे हे उदाहरण. अशा वेळी होकायंत्र, कागदी नकाशा, पेन्सिल आणि दर तासाला स्थान, दिशा व वेग लिहिलेली वही, एवढेच भांडवल उरते. ज्याने वही ठेवली नाही त्याला आपण शेवटी कोठे होतो हेसुद्धा सांगता येत नाही.

गोल्डन ग्लोब या शर्यतीचा तर नियमच असा आहे की, स्पर्धकाने आधुनिक यंत्रांशिवाय, सेक्स्टंट व कागदी नकाशे वापरून जावे. जीपीएस मोहोरबंद ठेवलेले असते व ते संकटातच उघडायचे. सप्टेंबर २०१८ मध्ये या शर्यतीत अभिलाष टॉमी यांची 'थुरिया' दक्षिण हिंदी महासागरात वादळात उलटली, डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. लहानशा उपग्रह-संदेशयंत्रावरून त्यांनी आपली अवस्था कळविली आणि तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना वाचविले. डोलकाठी गेली की तिच्यावरचे ॲन्टेना जातात. होडीत पाणी शिरले की बॅटरी जाते. म्हणून ज्याला स्वतःची बॅटरी आहे असा संकटसूचक, म्हणजे ४०६ मेगाहर्ट्झचा ईपीआयआरबी, खरेदीच्या यादीत चार्टप्लॉटरच्या वर असावा आणि त्याची रीतसर नोंदणी केलेली असावी. हेच टॉमी २०२२-२३ च्या शर्यतीत पुन्हा उतरले आणि दुसरे आले.

समारोप

वरील विवेचनावरून आपल्या दहा मीटरी होडीसाठी खरेदीचा क्रम असा लागतो : प्रथम होकायंत्र, कागदी नकाशे व वही, नंतर संकटसूचक, मग व्हीएचएफ रेडिओ आणि खोलीमापक, त्यानंतर पुरेशा विजेची तरतूद, मग मध्यम आकाराचा, उन्हात स्पष्ट दिसणारा, ओल्या हातांनीही बटणांवर चालविता येणारा चार्टप्लॉटर, त्याला जोडून एआयएस, आणि पैसे उरल्यास रडार. स्थान सांगणारे एक लहान, स्वतंत्र बॅटरीचे यंत्र वेगळ्या पिशवीत ठेवावे.

चार्टप्लॉटर हे आपल्या काळाचे मोठे वरदान आहे, यात शंका नाही. परंतु खडकाचे स्थान नकाशाला जेवढे ठाऊक असते त्याहून आपले स्थान आज यंत्राला अधिक अचूक ठाऊक असते आणि धोका नेमका या दोहोंच्या फरकात दडलेला असतो. एका साधनावर विसंबून निष्कर्ष काढू नये, ही शिकवण आपण वर्गात ऐकतो. समुद्रावर तिचे पालन न केल्यास परीक्षेतील गुण जात नाहीत, माणसे जातात. म्हणून होडी कोणतीही असो, दोन स्वतंत्र साक्षी जुळल्याखेरीज तिने अंधारात किनाऱ्याकडे वळू नये, हेच या अभ्यासाचे सार होय.