बाटलीची अनामत आणि गिऱ्हाइकाची सवय

शीतपेयाची काचेची बाटली घरी नेणाऱ्या गिऱ्हाइकाकडून अनामत ठेवून घेणे आम्हा दुकानदारांना नवे नाही. प्लास्टिक आले आणि ती रीत मागे पडली. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ च्या अधिसूचनेत प्लास्टिकच्या बाटलीसाठी तीच पुन्हा आणली: एक लिटर व वरच्या बाटलीस १ रुपया, लहान बाटलीस २ रुपये. पण रिकामी बाटली परत घेण्याची सोय दुकानोदुकानी झाली नाही.

जर्मनीत ती झाली. १ जानेवारी २००३ पासून तेथे एकदाच वापरावयाच्या बाटलीवर २५ सेंट अनामत बसली. आज अशा बहुतेक सर्व बाटल्या परत येतात. घरोघरी रिकाम्या बाटल्या पिशवीत साठतात, बाजाराच्या दिवशी दुकानातील यंत्रात जातात आणि मिळालेली पावती त्याच दुकानाच्या बिलात वळती होते. बाटली जेथे परत, खरेदीही तेथेच!

मात्र पुन्हा भरावयाच्या बाटल्यांचा खप वाढेल ही आशा फळली नाही. त्यांचा वाटा सुमारे दोन-तृतीयांशावरून निम्म्याखाली आला. स्वस्त विक्रीच्या मोठ्या दुकानांनी प्लास्टिकचेच पाणी विकले. पैसे परत मिळतात म्हटल्यावर गिऱ्हाइकालाही संकोच उरला नाही. कचरा आवरला, प्लास्टिकची खरेदी नाही.

लहान दुकानांना तेथे सवलत आहे. २०० चौरस मीटरपेक्षा कमी जागा असेल, तर स्वतः विकतो त्याच छापाच्या बाटल्या घेतल्या तरी चालते. आपल्याकडे योजना आली, तर व्यापारी बांधवांनी ही सवलत आधी मागावी, आणि अनामतीचे खाते वहीत विक्रीपासून वेगळे ठेवावे.